दुसरा कॅन

डेल्फिन परेराला मी पाहिलं ते पाठीकडून.
समोरून तिला सांगलीनं पाहिलं,
नेमिनाथनगरच्या मैदानात, खुर्च्यांवर उभं राहून,
सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत.
हळदीचे सौदे सुरू झाले होते,
वारा मार्केट यार्डाकडून आला की
अख्खं मैदान शिंकायचं.

मी मगदूम मंडपवाल्यांचा जनरेटरवरचा पोरगा.
स्टेजच्या मागं, पडद्याच्या फटीला डोळा लावून,
एका हातात पाना,
दुसऱ्या हातात भडंगाची पुडी.
फटीतून दिसायची तिची पाठ,
घामानं चिकटलेला काळा शर्ट,
आणि गिटारचा पट्टा खांद्यात रुततो तिथं
पांढऱ्या दोऱ्यानं घातलेली शिवण.
पुढं बसलेल्या कुणालाही ही शिवण ठाऊक नाही.

तिची एकच कॅसेट माझ्याकडं होती,
मारुती चौकात इस्माईलच्या टपरीवर भरून घेतलेली,
बी साइडला अर्ध्यातनं कुणाच्यातरी लग्नाचा बँड.
इंग्रजी यायचं नाही.
वहीत मी तिचे शब्द देवनागरीत उतरवले होते,
ऐकू येतील तसे,
आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून असा म्हणायचो
की हमाल विचारायचे,
"बाहुबल्या, कुठल्या देवाची आरती रं ही?"

चौथं गाणं.
वहीतलं पहिलं पान.
जनरेटर इतका धडधडत होता
की तिचा आवाज माझ्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं यायचा.
उरलेलं मी पाठीवरून वाचत होतो:
खांदे वर गेले की वरची पट्टी,
मान खाली गेली की ती ओळ
जिचा अर्थ मला अजूनही नीट लागलेला नाही.
आणि इंजिनानं एक उचकी दिली.

डिझेल.

दुसरा कॅन माझ्या पायाशीच होता.
भरलेला. झाकण उघडून ठेवलेला.
मगदूम दादा सांगून गेले होते, पावणेनऊला ओत.
नऊ वाजून गेले होते.

मैदान काळं झालं. गिटार गेली.
ड्रमवाला तेवढा बडवत राहिला,
त्याला कुठं वीज लागते.
मग तोही थांबला.
शिट्ट्या आल्या, एक चप्पल आली,
आणि मी कॅनला मिठी मारून
अंधारात नरसाळं चाचपत होतो.

तेव्हा पडदा हलला.
काडी पेटली, डिझेलपासून हातभर अंतरावर,
आणि एका काडीपुरतं मी तिचं तोंड पाहिलं.
पोस्टरपेक्षा थोराड. पुढच्या दातांत फट.
घाबरलेल्या माझ्याकडं बघून म्हणाली,
कॅम्पातल्या मोडक्या मराठीत,
"राहू दे जरा. असा पण मजा येते."

गेली ती स्टेजच्या अगदी कडेला.
माइक नाही. मुक्या गिटारच्या तारांचा
पत्र्यासारखा किरटा खणखण,
आणि तो आवाज,
ओली हळद मोडल्यावर आतून दिसते तसा,
मातीचा वास असलेला, उघडा.
शिंकणारेसुद्धा शिंक दाबून बसले.
लांब फाटकावरून एक मालगाडी गेली
आणि तिनं तेवढ्यापुरतं थांबून गाडीला जाऊ दिलं.

मी पहिल्यांदाच तिचं गाणं अख्खं ऐकलं.
नरसाळं केव्हाच सापडलं होतं. हातात होतं.

दादांनी पगारातनं चाळीस रुपये कापले.
तिकीट वीसचं होतं.

आता माझे स्वतःचे तीन जनरेटर आहेत, बिनआवाजाचे.
सलूनमध्ये कधीमधी विषय निघतो:
"बोर्डाची लाइट गेली आणि काय गायली राव ती!"
मी गळ्याला टॉवेल बांधलेला, आरशात बघत,
बोर्डाला मनातल्या मनात हात जोडतो.

परवा भाचीला ती वही सापडली.
कॉलेजात इंग्रजी घेतलंय तिनं.
पहिलं पान वाचून पोट धरून हसली,
म्हणाली, मामा, यातला एक शब्द बरोबर नाही,
दे, नीट लिहून देते.

पेनचं टोपण काढलं होतं तिनं.
म्हटलं, राहू दे जरा.